गिलक्याची काळी पूड

पडद्यावरची रेघ खाली उतरायला तयार नव्हती. आरफानं नमुना काढला, कापसानं पुसला, पुन्हा बसवला आणि यंत्र सुरू केलं. निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली, मध्ये जराशी वाकली आणि सरळ झाली. एरवी याच जागी ती विहिरीत पोहरा सोडावा तशी खाली जायची.

ही तिसरी खेप होती. तिन्ही खेपांना तेच.

ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आरफा साडेतीन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होती. मायक्रोवेव्ह लहरी गिळून टाकणारा पदार्थ तिला बनवायचा होता. घरातल्या ओव्हनमध्ये, मोबाइलच्या टॉवरमध्ये आणि नव्या गाड्यांच्या रडारमध्ये असतात त्याच या लहरी. धातूच्या पत्र्यावर पडल्या की त्या उसळून परत येतात. त्या परत येऊ नयेत, आतच जिरून त्यांची नुसती ऊब उरावी, असं काहीतरी तिला हवं होतं. आणि ते तिला वाळक्या घोसाळ्यात सापडलं होतं. घोसाळं वेलीवरच वाळू दिलं की आत जाळी उरते, अंग घासायला वापरतात ती. त्या जाळीचा एकेक धागा आतून पोकळ असतो, पोकळीच्या भिंतींना बारीक छिद्रं असतात, त्या छिद्रांच्या पोटात आणखी छिद्रं, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकी. हवा काढून नायट्रोजन भरलेल्या भट्टीत ही जाळी भाजली की तिचा कोळसा होतो, पण घडण जशीच्या तशी राहते. त्या कोळशाची पूड मेणात कालवून पातळ चकती पाडली की तिच्यावर पडलेल्या लहरींतली लाखात एखादीच परत यायची. बाकीच्या लहरी भिंतींवर आपटत आपटत आतच संपायच्या, असं आरफाचं म्हणणं होतं.

तसा तिचा शोधनिबंध परदेशातल्या चांगल्या नियतकालिकात छापूनही आला होता. त्यातलं एक वाक्य तिला तोंडपाठ होतं. या पदार्थात धातूचा कणही नाही, सगळी करामत निसर्गानं विणलेल्या जाळीची आहे. लहरी गिळणारे इतर पदार्थ लोखंडाचे नाहीतर निकेलचे, वजनाला जड आणि गंजणारे. हिचा हलका, स्वस्त, वेलीवर पिकणारा. म्हणून तर चाकणची एक कंपनी गुरुवारी तिचं काम बघायला येणार होती. कंपनी गाड्यांच्या बंपरमागचे भाग बनवायची. बंपरच्या आत भलत्याच लहरी इकडून तिकडे उसळल्या की रडारला समोर नसलेली वस्तू दिसते आणि भर रस्त्यात गाडी आपोआप ब्रेक लावते. तिथं आरफाची काळी चादर बसवायचा विचार होता.

कंपनीला मोठा नमुना हवा होता, म्हणून लॅबमधल्या रोहिदासनं जुन्नरकडच्या एका शेतातून पोतंभर वाळकी घोसाळी मागवली होती. ती भाजल्यापासून हे सुरू झालं होतं. आता रेघ वरच राहत होती, म्हणजे लाखात एक नाही, चारातली एक लहर परत येत होती. एवढं तर साधा कोळसाही करतो.

"भट्टीचं तापमान बघितलंस?" तिचे गाइड दिग्विजय सरांनी विचारलं.

"तीनदा, सर."

"नायट्रोजनची टाकी?"

"नवी आहे. सगळं तेच आहे सर, फक्त घोसाळी वेगळी आहेत."

"मग आधीच्या घोसाळ्यांतलं थोडं भाज आणि शेजारी ठेवून बघ."

आधीची घोसाळी संपली होती. ती आरफाच्या शेजारच्या सुमनताईंच्या वेलीवरची. आरफानं जुनी पूड एका छोट्या बाटलीत, नवी दुसऱ्या बाटलीत भरली, पर्समध्ये टाकली आणि सुमनताईंकडून चार घोसाळी आणायला ती दुपारीच तळवड्याला निघाली.

तळवड्यात आयटी पार्कच्या मागच्या अंगाला लहान कारखान्यांच्या शेडची रांग आहे. त्या रांगेच्या पाठीला पत्र्याच्या खोल्या, आणि टोकाला आरफाचे वडील नूरमोहम्मद यांचं गॅरेज. मागच्या दोन खोल्यांत बापलेक राहायचे. मधली भिंत ओलांडली की सुमनताई. त्या लातूरकडच्या. नवरा ज्योतीराम समोरच्याच शेडमध्ये कामाला, अकरा वर्षं. सुमनताईंनी खोलीच्या मागं गिलक्याची वेल लावली होती. घोसाळ्याला त्या गिलकं म्हणत. वाळलेली गिलकी सोलून, बिया झटकून त्या पत्र्याखालच्या तारेवर दोन-दोन महिने टांगून ठेवत आणि आंघोळीच्या घासण्या म्हणून आठवडी बाजारात नेत.

त्या घरी नव्हत्या. आरफा गॅरेजात आली. नूरमोहम्मद एका टेम्पोचा अल्टरनेटर उघडून बसले होते.

"आज लवकर?"

"काम अडलंय, अब्बा." तिनं पर्समधून दोन्ही बाटल्या काढून बाकड्यावर ठेवल्या आणि प्यायला पाणी घेतलं. "दोन्ही एकाच पद्धतीनं केल्यात. ही चालते, ही चालत नाही."

नूरमोहम्मदांनी हात पुसून जुन्या पुडीची बाटली उचलली, उजेडाकडे धरली, आणि बाजूला ठेवली. बाजूला त्यांचा नटबोल्ट ठेवायचा चुंबकाचा ट्रे होता. बाटली त्याच्यालगत टेकताच आतली पूड हलली. तळाशी सपाट बसलेली ती काळी पूड काचेवरून वर चढली आणि ट्रेच्या बाजूला उभ्या केसांसारखी चिकटून राहिली.

आरफाच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो तिनं खाली ठेवला नाही, प्यायलाही नाही.

"बेटा," नूरमोहम्मद हळूच म्हणाले, "तू तर कोळसा म्हणत होतीस."

"कोळसाच आहे."

"कोळसा असं करत नाही." त्यांनी बाटली फिरवली. पूड फिरून पुन्हा चुंबकाकडे आली. मग त्यांनी नवी बाटली तिथंच ठेवली. तिच्यातली पूड जागची हलली नाही. "ह्याच्यात लोखंड आहे. आणि थोडंथोडकं नाही."

साडेतीन वर्षांत तिनं या पुडीला काय काय केलं नव्हतं? क्ष-किरणांखाली धरली होती, जाळून तोलली होती, खलात घोटली होती, लाखो रुपयांच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढले होते. चुंबक तिनं कधी जवळ आणला नव्हता. कोळशाजवळ चुंबक आणावा असं कुणाच्या मनात येतं?

"पण घोसाळ्यात लोखंड कुठून येईल, अब्बा?"

नूरमोहम्मद उठले. त्यांनी एक जुना स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि ते मागच्या दारानं बाहेर गेले. आरफा मागोमाग गेली. समोरच्या शेडच्या मागच्या भिंतीत एक मोठा पंखा होता, आतला धूर बाहेर टाकणारा. त्या शेडमध्ये विजेच्या ज्योतीनं लोखंडी पत्रे कापायचं काम चाले. पंख्याचं तोंड थेट सुमनताईंच्या पत्र्याकडे होतं. तारेवर सात-आठ गिलकी टांगलेली होती. नूरमोहम्मदांनी पिशवीतला चुंबक पत्र्यावरून नुसता फिरवला. पिशवीला काळी दाढी फुटली.

पत्रा कापला जाताना लोखंडाची वाफ होते, वाफ थंडावली की धुरात तिचे अतिबारीक कण होतात. ते दोन-दोन महिने या ओल्या-सुक्या जाळीत बसत होते, धाग्यांच्या पोटात शिरत होते. पाण्यानं धुऊन ते निघण्यासारखे नव्हते. भट्टीत त्यांचं शुद्ध लोखंड झालं होतं, आणि लहरी गिळत होतं ते लोखंड. आरफाला हे सगळं उभ्या उभ्या, एका दमात समजलं. ती पायरीवर बसली.

खोलीत जाऊन तिनं लॅपटॉप उघडला आणि क्ष-किरण तपासणीचा जुना आलेख काढला. चव्वेचाळीस अंशांच्या जवळ एक उंचवटा होता. त्याच्या डोक्यावर तिनं स्वतः लिहिलं होतं, 'कार्बन'. कार्बनचा उंचवटा तिथंच येतो. लोखंडाचाही जवळजवळ तिथंच येतो. इतका टोकदार कार्बनचा नसतो, हे तिला एम.एस्सी.पासून माहीत होतं. तरी तिनं तेच लिहिलं होतं आणि सरांनी, नियतकालिकाच्या परीक्षकांनी, सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. कारण तेच सगळ्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दिग्विजय सरांच्या टेबलावर बाटली ठेवली आणि शेजारी चुंबक धरला. सर बाटलीवर वाकले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे कुणाला दाखवलंस?"

"फक्त अब्बांना. त्यांनीच मला दाखवलं."

सरांनी उठून दार लोटलं. "हे बघ आरफा, पदार्थ तर काम करतोय ना? लोखंड आहे तर आहे. आपण यापुढे मोजून मापून घालू. उद्या कंपनीला जुनी चकती दाखव. निबंधाचं नंतर बघू."

"निबंधात धातूचा कणही नाही असं लिहिलंय, सर."

"मला माहिती आहे काय लिहिलंय. माझं नाव आहे त्याच्यावर." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बोटं टेबलाची कड घट्ट धरून होती. "सव्वीस वर्षांत माझा एकही निबंध मागे घेतला गेलेला नाही."

आरफा त्या रात्री जेवली नाही. गुरुवारी कंपनीतून एक बाई आणि दोन इंजिनिअर आले. आरफानं जुनी चकती बसवली, रेघ खोल गेली, पाहुण्यांनी माना डोलावल्या. दिग्विजय सर तिच्या डाव्या हाताला उभे होते. मग तिनं नवी चकती बसवली. रेघ वाकली आणि सरळ झाली.

"दोन्ही घोसाळ्याच्याच आहेत," ती म्हणाली. "पहिलीत लोखंड आहे. आम्ही घातलेलं नाही, ते हवेतून आलं. आमचा निबंध चुकीचा आहे."

कंपनीच्या बाईंनी वही मिटली. "कळवलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि ठरलेलं जेवण न घेता तिघं निघून गेले. दिग्विजय सर खुर्चीत बसले. शेवटी म्हणाले, "पत्र लिही. नियतकालिकाला. मी सही करतो." आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडले.

शुक्रवारी तिनं पत्र लिहिलं. शनिवारी सकाळी ती गॅरेजच्या दारात उभी असताना ज्योतीराम नळावर आले. रात्रपाळी करून आले होते. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, नाक शिंकरलं आणि रुमालानं पुसलं. रुमालावर काळा डाग उमटला. हे तिनं हजार वेळा बघितलं असेल. शेडमधल्या सगळ्यांचंच तसं असायचं. पण आज तिची नजर त्या डागावरून हटेना.

गिलकी दोन महिने त्या पंख्यासमोर टांगलेली असत. हा माणूस अकरा वर्षं पंख्याच्या आतल्या बाजूला उभा होता.

मंगळवारपासून आज शनिवार. चार दिवस तिच्या डोक्यात निबंध होता, कंपनी होती, सरांचा चेहरा होता. हे मनात आलंच नव्हतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती तशीच सुमनताईंच्या खोलीत गेली. त्या भाकरी थापत होत्या.

"मावशी, काकांना डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. छातीच्या."

"कामून? बरे हायेत की."

आरफानं बाटली काढली, चुंबक काढला, आणि जमेल तसं सगळं सांगितलं. सुमनताईंचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी उलटली नाही.

"माझ्या गिलक्यात लोखंड," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन् ते लोखंड ह्या शेडीतून आलंय."

"हो, मावशी."

"तुला कवा कळलं?"

आरफाला खोटं बोलता आलं असतं. "मंगळवारी."

सुमनताईंनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर आरफाला सोसला असता. "तीन वर्सं तू माझी गिलकी नेऊन त्यात काय बगत होतीस गं?" त्या अगदी सावकाश म्हणाल्या. "आन् कळल्यावर चार दिवस कुटं होतीस?"

आरफानं वाकून करपलेली भाकरी उतरवली. बोटं भाजली.

ज्योतीराम यायला तयार नव्हते. "जिना चढताना दम लागतो एवढंच. वय झालं की," म्हणाले. वय होतं त्रेचाळीस. शेवटी नूरमोहम्मदांनी त्यांना रिक्षात घातलं. चिंचवडच्या छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला आणि तो दिव्याच्या काचेवर लावला. दोन्ही फुप्फुसांवर बारीक पांढरे ठिपके पसरले होते, राजगिरा सांडावा तसे.

"वेल्डिंग करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कटिंग. लोखंडाचं."

"लोखंडाची धूळ साठलीय आत. ही टीबी नाही, कॅन्सर नाही. पण त्या धुरात उभं राहणं आजपासून बंद. धूळ येणं थांबलं तर शरीर हळूहळू काही बाहेर काढतं. किती ते मी आज सांगू शकत नाही."

ज्योतीराम फोटोकडे बघत राहिले. आपल्या छातीच्या आतलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. "हे सगळं माझ्यात हाय व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि शर्टाची बटणं लावताना त्यांची दोन बटणं चुकली.

सोमवारी आरफा आणि नूरमोहम्मद शेडचे मालक अण्णासाहेबांकडे गेले. ऑफिस म्हणजे शेडच्याच कोपऱ्यात काचेची खोली होती. अण्णासाहेबांनी चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, या रांगेत चौदा शेड आहेत. धूर सगळ्यांचा आहे. मी एकटा काय करू?"

आरफा उठली. तिनं चुंबक त्यांच्या खुर्चीमागच्या एसीच्या जाळीवरून फिरवला आणि टेबलावर ठेवला. त्यावरची काळी दाढी बोटभर लांब होती.

"तुम्ही इथं किती वर्षं बसता?" नूरमोहम्मदांनी विचारलं.

अण्णासाहेबांनी चुंबकाकडे बघितलं. मग एसीकडे, मग स्वतःच्या तळहाताकडे. चहाचा कप त्यांनी उचलला होता तो तसाच खाली ठेवला. "चौदा वर्षं," ते म्हणाले. आणि मग, "माझी मुलगीपण सुट्टीत इथंच बसायची."

त्याच आठवड्यात त्यांनी ज्योतीरामना माल पाठवायच्या विभागात, शेडच्या बाहेर बसवलं. महिन्याभरात पंख्याच्या तोंडाला धूळ पकडणारी मोठी पेटी बसली आणि पंख्याचं तोंड वर वळवलं गेलं. शोधनिबंध मागे घेतल्याची सूचना छापून आली, दोघांच्या नावांसह. दिग्विजय सर दोन महिने तिच्याशी कामापुरतंच बोलले. आरफाची पीएचडी किमान दीड वर्षं लांबली. आता ती लोखंड मोजून घालून, नेमकं किती कणांना किती लहर जिरते ते बघत होती. कंपनीचा फोन पुन्हा आला नाही.

सुमनताई तिच्याशी बोलायच्या, पण पूर्वीसारखं चहाला बोलवत नव्हत्या. वेल त्यांनी उपटून टाकली होती.

सहा महिन्यांनी ज्योतीरामचा दुसरा फोटो काढायचा होता. त्या दिवशी सकाळी सुमनताई स्वतः गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "चल आमच्यासंगट. विंग्रजी कागद वाचायला कोन हाय दुसरं?"

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. "वाढलेलं नाही. कदाचित किंचित कमी आहे. एवढ्यात खात्रीनं म्हणत नाही, पण दम कमी लागतोय हे चांगलं लक्षण." बाहेर बाकावर बसून आरफानं अहवालातली ओळन् ओळ मराठीत सांगितली. सुमनताईंनी ती दोनदा ऐकली, मग कागद घडी करून पिशवीत ठेवला. ज्योतीराम मोकळेपणानं हसले, बऱ्याच दिवसांनी.

"ती पेटी बसवली पंख्याला," सुमनताई म्हणाल्या, "ती बाहेर जानारी धूळ धरती ना?"

"हो, मावशी."

"मंग आतली?"

आरफानं मान हलवली. आतली धूळ आतच राहत होती.

"मशीनवर आता कोन हुबं ऱ्हातं?" सुमनताईंनी नवऱ्याला विचारलं.

"समाधान. जालन्याचा हाय. गेल्या वर्षी लग्न झालंय."

सहा महिने आरफा रोज त्या शेडवरून गेली होती, आतून मशीनचा आवाज ऐकत गेली होती.

"त्याचा नंबर हाय का तुमच्याकडं?" सुमनताईंनी विचारलं.

ज्योतीरामनी खिशातून फोन काढला. आरफानं नंबर लावला आणि पलीकडून समाधान "हॅलो" म्हणेपर्यंत आपण त्याला पहिलं वाक्य काय सांगणार आहोत, हे तिला सुचलेलं नव्हतं.